लाटेवर नको, गावाच्या बळावर उमेदवार उभा करू

(शेतकरी-शेतमजुरांच्या जिल्हा मेळाव्यात बालाघाटावरील एका कोरडवाहू गावच्या सरपंचांनी केलेलं भाषण. गावोगावच्या बैठकांत वाचून दाखवता यावं म्हणून इथे छापत आहोत.)

अध्यक्ष, साथींनो, आणि सकाळपासून एस.टी.नं, टमटमनं, काहीजण तर पायी आलेल्या माझ्या शेतकरी, शेतमजूर भाऊ-बहिणींनो,

तुम्हाला संध्याकाळी धारा काढायला घरी पोचायचं आहे. म्हणून मी कामाचंच बोलतो. येणाऱ्या जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुकांत आपण आपले, म्हणजे समाजवादी विचाराचे, कष्टकऱ्यांतले उमेदवार उभे करायचे का, आणि करायचे तर कसे, एवढाच माझा विषय आहे.

हा विषय काढला की पारावर पहिला प्रश्न येतो, "सरपंच, बीड जिल्ह्यात लाल बावट्याला कोण विचारतं? इथं पैसा चालतो, जात चालते." हा प्रश्न विचारणारे आपलेच लोक असतात. त्यांना मी आधी जुना हिशेब सांगतो.

बीडनं चार वेळा काय केलं

आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. 17 सप्टेंबर 1948 ला सुटका झाली. 1952 साली देशाची पहिली निवडणूक आली, तेव्हा हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती. डाव्यांनी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावानं निवडणूक लढवली आणि बीडनं त्या फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे यांना लोकसभेवर पाठवलं. जमीनदारी आणि सावकारी आपल्या आजोबांनी अंगावर सोसली होती. कुणाला मत द्यायचं हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

1967 साली क्रांतिसिंह नाना पाटील इथून निवडून गेले. साताऱ्यात 1943 ते 1946 इंग्रजांना बाजूला सारून ज्यांनी प्रतिसरकार चालवलं, तेच नाना. सातारच्या मातीतला हा माणूस कम्युनिस्ट पक्षातर्फे बीडचा खासदार झाला. त्यांची जात कुणी विचारली नाही, पाहुणे कोण ते कुणी विचारलं नाही.

1977 साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे महाराष्ट्रातून तीन खासदार गेले. मुंबईतून अहिल्याताई रांगणेकर, डहाणूतून लहानू कोम, आणि बीडमधून आपले गंगाधर अप्पा बुरांडे. पुढे 1989 ला जनता दलाचे बबनराव ढाकणे निवडून आले. त्यांनी ऊसतोड कामगारांची संघटना बांधली होती, हे इथल्या जुन्या कोयत्यांना ठाऊक आहे.

चार वेळा, आणि तेही आपल्यासारख्या दुष्काळी जिल्ह्यानं. म्हणून "इथं कोण विचारतं" हे खरं नाही. विचारलं होतं, निवडूनही दिलं होतं.

मग हातचं का गेलं?

आता याची दुसरी बाजू सांगतो. ती कडू आहे, पण आपल्याच मेळाव्यात नाही बोलायची तर कुठं बोलायची? या चारांपैकी एकालाही बीडनं लागोपाठ दुसऱ्यांदा पाठवलं नाही. नानांच्या नंतर 1971 ला काँग्रेस आली. अप्पांच्या नंतर 1980 ला पुन्हा काँग्रेस. ढाकण्यांच्या नंतर 1991 ला तेच. लाट आली, आपण मत दिलं आणि घरी आलो. लाट ओसरली आणि आपण होतो तिथंच राहिलो.

असं का झालं? खासदार आपला होता, पण सोसायटीचा चेअरमन त्यांचा होता. मोंढ्यात बाजार समिती त्यांची, दूध संघ त्यांचा, पुढं कारखाना त्यांचा. मृग लागला की बियाणाला पैसे पाहिजेत. ते दिल्लीतला खासदार देत नाही, सोसायटी देते. ज्याच्याकडं पीककर्जाची सही, त्याच्यापुढं माणूस मान वाकवतो. पाच वर्षांत एक दिवस आपण मान ताठ केली आणि उरलेले दिवस वाकवली. मग पुढच्या वेळी मत कुठं जाणार?

1977 च्या त्या तीन जागांतली डहाणू बघा. तो आदिवासी मुलूख आहे, गरिबी आपल्यापेक्षा कमी नाही. त्याच डहाणू विधानसभेत 2019 ला आणि पुन्हा 2024 ला मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले निवडून आले. 2019 च्या अर्जात त्यांनी आपली मालमत्ता सुमारे पन्नास हजार रुपये दाखवली होती. एवढ्यात आपल्याकडं उमेदवाराच्या गाडीला चाकं येत नाहीत. तिथं हे होतं, कारण गोदावरी परुळेकरांच्या काळापासून, 1945 च्या वारली उठावापासून, पाड्यापाड्यात सभा आहे. निवडणूक नसते तेव्हाही बैठक असते.

डोंगर-जंगलाचा मुलूख वेगळा, असं कुणी म्हणेल. मग सांगोला घ्या. तोही आपल्यासारखाच पावसाच्या तोंडाकडं बघणारा तालुका. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख तिथून 1962 ला पहिल्यांदा आमदार झाले आणि एकूण अकरा वेळा निवडून आले. 1972 आणि 1995 ला हरले, तरी घरी बसले नाहीत. लोकांत राहिले आणि परत आले. त्यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली. म्हणजे मतही लोकांचं आणि संस्थाही लोकांची. आपल्याकडं मत तेवढं लोकांचं राहिलं.

जिल्हा परिषद कशाला हवी?

काहीजण म्हणतात, "कापसाचा भाव दिल्लीत ठरतो. जिल्हा परिषदेत माणूस पाठवून काय होणार?" या प्रश्नाला फसवं उत्तर देऊन चालणार नाही. हमीभाव जिल्हा परिषद ठरवत नाही, हे खरं आहे. 2025-26 च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये आणि मालदांडी ज्वारीला 3,749 रुपये क्विंटल हमीभाव जाहीर झाला. पण त्याच वेळी, 19 ऑगस्ट 2025 ला, केंद्रानं परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं आणि ती सवलत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात यायच्या वेळी बाहेरच्या कापसाला दार उघडलं. सप्टेंबरात अतिवृष्टीनं बोंडं सडली होती. जो कापूस वाचला त्यात ओल होती, आणि सरकारी केंद्रावर 8 ते 12 टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही. त्यातून मोबाइलवर नोंदणी केल्याशिवाय केंद्रावर गाडी घेत नव्हते. ज्याला नोंदणी जमली नाही त्यानं खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर माल घातला आणि त्यानं म्हणेल तो भाव घेतला.

आयात शुल्क आपल्या हाती नाही. पण नोंदणीला गावात माणूस बसवणं, केंद्र वेळेवर सुरू करा म्हणून पंचायत समितीत ठराव करणं आणि तो ठराव घेऊन तहसीलवर जाणं, हे निवडून आलेल्या सदस्याचं काम आहे. आपला सदस्य तिथं असता तर आपण एकटेदुकटे काट्यावर भांडलो नसतो.

आणि जिल्हा परिषदेच्या हाती काय आहे ते मोजा. गावची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, जनावरांचा दवाखाना, लहान पाझर तलाव, गावरस्ते. सिंचन विहिरीचा प्रस्ताव पंचायत समितीतून पुढं जातो. आपलं रोजचं जगणं याच कचेऱ्यांत अडकलेलं आहे.

माझ्या बहिणींनो, तुमच्यासाठी एकच आकडा सांगतो. 2019 साली सरकारनं नेमलेल्या समितीपुढं आपल्या जिल्ह्याची पाहणी आली. 82 हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यातल्या 13 हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली होती. पाळी आली, दुखणं आलं की खाडा पडतो, खाड्याचा दंड बसतो, म्हणून पिशवीच काढून टाकायची. हे ज्या गावांत घडलं तिथं आरोग्य केंद्र कुणाचं होतं? जिल्हा परिषदेचं. तिथं डॉक्टर आहे का, बाईला वेळेवर औषध मिळतं का, हे विचारणारा सदस्य पाहिजे होता. तो सदस्य ऊस तोडलेली बाईच का असू नये? 2011 पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या जागांवर पुढाऱ्याची बायको, पुढाऱ्याची सून बसवायची की आपल्यातली कोयता धरणारी, हे आपण ठरवायचं.

मार्च 2022 मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडं गेला. 2023 गेलं, 2024 गेलं, 2025 गेलं. या वर्षांत निवडून दिलेला एकही माणूस तिथं प्रश्न विचारायला नव्हता. सरपंच म्हणून मी त्या काळात पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवल्या. माझ्या गावच्या विहिरींचे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर किती महिने फिरले ते माझं मला ठाऊक. सदस्यच नाही म्हटल्यावर दाद कुणाकडं मागायची?

समाजवाद म्हणजे काय ते कोरडवाहूच्या भाषेत

पुस्तकातली व्याख्या मला येत नाही. मला एवढं कळतं. 1972 च्या दुष्काळात लोक खडी फोडायला गेले, सुकडीवर दिवस काढले. त्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली. मोर्चे निघाले, विधिमंडळात डाव्या पक्षांनी धरून लावलं, वि. स. पागे यांच्यासारख्या माणसानं योजना मांडली, 1977 ला कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागणं हा माणसाचा हक्क झाला, आणि त्याचा खर्च भागवायला शहरातल्या पगारदारावर, धंदेवाल्यावर व्यवसाय कर बसवला. ज्याला मिळतं त्यानं थोडं द्यायचं आणि ज्याला नाही त्याला काम मिळवून द्यायचं. यालाच मी समाजवाद म्हणतो.

पुढं 2005 साली साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं त्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात 100 चे 125 दिवस सांगितले, पण खर्चाचा 40 टक्के भार राज्यांवर टाकला, आणि पेरणी-काढणीच्या दिवसांत साठ दिवसांपर्यंत काम बंद ठेवण्याची सोय केली. राज्याकडं पैसा नसला तर 125 दिवस कागदावर राहतील. हक्क मिळवायला लागतो तसा राखायलाही लागतो, आणि राखायला प्रत्येक पायरीवर आपला माणूस लागतो.

पीक विम्याचंही तेच. 2020 च्या खरिपाला आपल्या जिल्ह्यात 'बीड पॅटर्न' आला. नुकसानभरपाई हप्त्याच्या 110 टक्क्यांवर गेली तर वरचं सरकारनं सोसायचं आणि भरपाई कमी निघाली तर कंपनीनं 20 टक्के ठेवून बाकी सरकारला परत द्यायचं. नाव बीडचं झालं, कौतुक देशभर झालं. पण 2020 च्या पावसात ज्याचं सोयाबीन आणि कापूस गेला, त्याला खात्यात काय आलं? किसान सभेनं त्यासाठी मोर्चे काढले. त्या मोर्चात मीही चाललो. योजना कागदावर कितीही चांगली असो, पंचनामा करणाऱ्याच्या मागं गाव उभं नसेल तर शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही.

भीती आणि जात

आता दोन गोष्टी, ज्या आपण हळू आवाजात बोलतो.

9 डिसेंबर 2024 ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना पळवून नेऊन ठार मारलं. पवनचक्की कंपनीकडं मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून हे झालं, असं तपासात पुढं आलं. सारा महाराष्ट्र हादरला. त्या आठवड्यात माझ्या घरच्यांनी मला सांगितलं, "राजीनामा टाका, आपली दोन एकर बरी." जिल्ह्यातल्या किती सरपंचांच्या घरी हे बोलणं झालं असेल! मी राजीनामा दिला नाही. मी काही शूर नाही. पण मला एक कळलं, की एकटा सरपंच मारता येतो. मागं संघटना असलेला, रोज चार गावांत बसणारा माणूस मारणं सोपं नसतं. म्हणून आपला उमेदवार एकटा उभा करायचा नाही. गण-गटातल्या प्रत्येक गावची शाखा त्याच्यामागं आधी उभी करायची, मग अर्ज भरायचा.

दुसरी गोष्ट जातीची. 2024 च्या निवडणुकांत आपल्या जिल्ह्यात काय झालं ते तुम्ही पाहिलं. एका बांधाचे दोन शेतकरी, एका टोळीतले दोन कोयते, एकमेकांच्या चहाला जायचे थांबले. आरक्षणाचा प्रश्न खरा आहे, दोन्ही बाजूंच्या पोरांची तगमग खरी आहे. शेती परवडत नाही आणि नोकरी नाही, म्हणून ती आहे. पण मोंढ्यात काटा मारताना आडत्या जात विचारत नाही. मुकादमाच्या उचलीला मराठा, वंजारी, दलित, धनगर, मुसलमान सारेच बांधलेले आहेत. जानेवारी 2024 मध्ये ऊसतोडीच्या दरात 34 टक्के वाढ मिळाली. ती सगळ्या जातींच्या कोयत्यांनी मिळून काम थांबवल्यामुळं मिळाली. एका जातीनं थांबवलं असतं तर दुसरी फडात घातली असती.

काय करायचं ते ठरवून जाऊ

आता कामाचं. माझ्या पाच सूचना आहेत. बैठकीत त्यांच्यावर भांडा, बदला, पण काही ठरवल्याशिवाय उठू नका.

पहिली. उमेदवार वरून येणार नाही. गटातल्या गावांनी एकत्र बसून निवडायचा. जो स्वतः कोरडवाहू करतो किंवा मजुरी करतो, आणि मागच्या दोन वर्षांत एका तरी मोर्चात, एका तरी पंचनाम्यात लोकांबरोबर होता, तोच.

दुसरी. ठेकेदाराचा, कारखानदाराचा, वाळूवाल्याचा पैसा घ्यायचा नाही. खर्च गावानं करायचा. घरटी पायलीभर ज्वारी किंवा पन्नास रुपये. ज्यानं पायली दिली तो उमेदवाराला हक्कानं जाब विचारतो. ज्यानं लाखाची थैली दिली तोही विचारतो, पण ती विचारणा आपल्या कामाची नसते.

तिसरी. ऊसतोडीला गेलेल्यांची यादी. मागची जिल्हा परिषद निवडणूक फेब्रुवारी 2017 मध्ये झाली. फेब्रुवारीत आपला निम्मा गाव फडावर असतो. मग मोठे पुढारी गाड्या पाठवतात, मुकादमाला सांगतात, आणि गाडीभाड्यासकट मत विकत जातं. या वेळी टोळ्या निघायच्या आधीच प्रत्येक वाडीनं यादी करायची. कोण कुठल्या कारखान्यावर गेला, फोन काय, परत कसा आणायचा. भाडं वर्गणीतून द्यायचं. एवढं एक काम नीट झालं तर निम्मी निवडणूक आपली आहे.

चौथी. निवडून आलेल्यानं दर सहा महिन्यांनी चावडीवर हिशेब द्यायचा. किती विहिरी मंजूर झाल्या, कुणाच्या राहिल्या, का राहिल्या. आणि पुढच्या वेळी त्याच्या घरातला कुणी आपोआप उमेदवार होणार नाही, हे आजच त्याच्याकडून लिहून घ्यायचं. घराणी आपल्या जिल्ह्यात पुरेशी झाली.

पाचवी. हरलो तरी दुसऱ्या सोमवारी बैठक ठरलेल्या जागी होईल. ही सूचना मला सगळ्यांत मोलाची वाटते. सोसायटीची निवडणूक, बाजार समितीची निवडणूक, ग्रामसभा, रोजगार हमीचं काम मागणीचे अर्ज आणि त्याची तारीख टाकलेली पावती, ही कामं मतमोजणीनंतरही असतात. नानांच्या वेळी, अप्पांच्या वेळी आपण हीच कामं सोडून दिली.

साथींनो, आपल्या रानात कापूस एका वेचणीत येत नाही. पहिली वेचणी थोडी असते, म्हणून कुणी पऱ्हाटी उपटून टाकत नाही. या निवडणुकीत जिल्ह्यात आपल्या दोन जागा आल्या काय आणि चार आल्या काय, ती पहिली वेचणी समजा. ज्या गटात माणूस उभा राहील तिथं प्रत्येक वाडीत पाच जणांची शाखा राहिली, तर पुढची वेचणी आपली आहे.

गावाकडं जाताना एवढंच करा. आज रात्री जेवण झाल्यावर पाच घरं गोळा करा. वही काढा, वर तारीख टाका, आणि पहिलं नाव स्वतःचं लिहा. पुढच्या जिल्हा बैठकीला ती वही घेऊन या. भाषण कमी करू, वह्या मोजू.

इन्कलाब झिंदाबाद! शेतकरी-शेतमजूर एकजुटीचा विजय असो!